पूर्णगडच्या गाडीतली अनोळखी बाई

शाळेत मी चौथीपर्यंत गेले, पण नापास एकदाही झाले नाय. नापास झाले ती यंदा, केस पिकल्यावर, पूर्णगड-रत्नागिरी गाडीत. आणि केलं कोणी? राजश्री बाईंनी. आमच्या मितेशच्या शाळेतल्या बाई. पावसला राहतात, वर्षानुवर्षं माझ्याकडूनच मासळी घेतात, आणि मी त्यांच्या वाट्यावर चार कोलंब्या जास्तच टाकते. त्या कोलंब्यांची तरी लाज ठेवायची!

सगळं पहिल्यापासून सांगते, नायतर तुम्ही म्हणाल बकुळा नुसतीच भांडते.

मितेश माझा भाचा. माझा धाकटा भाऊ भागोजी, त्याचा मुलगा. भागोजी परदेशी बोटीवर खलाशी आहे. वर्षातून एकदा येतो, वाडीभर चॉकलेटं वाटतो आणि जातो. वहिनी गेली तेव्हा मितेश रांगतसुद्धा नव्हता. मी त्याच वेळी नवऱ्याशी भांडून माहेरी आले होते. का भांडले ते विचारू नका, माझं डोकं फिरेल. तेव्हापासून मितेश माझा आणि मी मितेशची. डॉक्टरांनी सांगितलं, याला डाऊन सिंड्रोम आहे. मी विचारलं, "म्हणजे काय होणार?" ते म्हणाले, "शिकेल, पण सावकाश शिकेल." म्हटलं, मग शिकू दे की सावकाश, कुठे आग लागलेय?

सावकाश सावकाश म्हणता पोरगा अठरा वर्षांचा झाला. मिशी फुटली. जत्रेतून निळ्या काड्यांचा गॉगल घेतला, तो लावून आरशासमोर उभा राहायला लागला. गॉगलची जागा ओटीवरच्या खिळ्याला. दुसऱ्या कोणी हात लावलेला चालत नाय. रत्नागिरीतल्या शाळेची गाडी रोज दारात यायची, घेऊन जायची, आणून सोडायची. माझा जीव निवांत. आणि मार्च महिन्यात राजश्री बाई दारात उभ्या.

"बकुळाताई, मितेशला अठरा पूर्ण झाली. शाळा संपली."

"आणि शाळेची गाडी?"

"गाडीपण संपली. आता पुढे काय करायचं ठरवलंय?"

आता हे कोणी ठरवतं का? आमच्या वाडीत ते आधीच ठरलेलं असतं. आमच्या शेजारचा धाकू बघा. तो पण मितेशसारखाच, शाळा सुटली त्या दिवशी घरच्या ओटीवर बसला, आता चाळिशीला आला, ओटीवरच आहे. कोणी वाईट वागवत नाय हो त्याला. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, टीव्ही चालू. फक्त त्याला कोणी काही विचारत नाय. मितेश येताजाता त्याच्याकडे बघायचा आणि घरी येऊन मला म्हणायचा, "आत्या, मी ओटीवर नाय बसणार हां." मी म्हणायची, नको बसू रे सोन्या. पण मग कुठे बसवू, ते मला माहीत नव्हतं.

काम राजश्री बाईंनीच शोधलं. रत्नागिरीत स्टँडपासून जवळच दीपाली मॅडमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, मोठी खोली आणि मागे पत्र्याची शेड. आंबापोळी, फणसपोळी, कोकम सरबत. बाटल्यांना लेबलं लावायला माणूस हवा होता. मितेश एक दिवस जाऊन आला आणि घरी येऊन त्याने माझं घर सरळ केलं. खोबरेल तेलाची बाटली, हळदीचा डबा, देवासमोरचा उदबत्तीचा पुडा, सगळ्यांची नावं एका रेषेत, तोंडं दाराकडे. मी मीठ घ्यायला डबा फिरवला तर ओरडला, "आत्या, सरळ!"

दीपाली मॅडमना पोरगा आवडला. पण त्यांची अट होती. येणं-जाणं त्याचं त्याने करायचं. "मागे एक मुलगी होती," त्या म्हणाल्या, "रोज तिची आई सोडायला यायची. आई आजारी पडली आणि मुलीचं येणं बंद झालं, ते कायमचंच. चांगली मुलगी होती. मला पुन्हा तसं नकोय."

झालं. राजश्री बाई मितेशला गाडीचं शिकवायला लागल्या. आधी त्याच्या शेजारी बसून गेल्या, मग मागच्या सीटवर, मग पार शेवटच्या बाकावर. त्यांचे नियम तो घरी येऊन मला पाढ्यासारखे म्हणून दाखवायचा. सवलतीचं कार्ड आपण दाखवायचं. तिकीट आपण मागायचं. अडलं तर खाकी कपड्यांतल्या माणसाला विचारायचं. अनोळखी माणसाशी जास्त बोलायचं नाय, थोडं चालतं. अनोळखी माणसाचा हात धरायचा नाय.

मग ठरला परीक्षेचा दिवस. मितेश एकटा जाणार, बाई मागे बसून नुसत्या बघणार.

आता माझी बाजू ऐका. मी पाटी डोक्यावर घेऊन पावस-गोळपपर्यंत मासळी विकते. माझा गिऱ्हाइकांचा मोबाइलवर ग्रुप आहे. रोज पहाटे मासळी बंदरावर उतरली की मी त्यावर बोलून टाकते, आज बांगडा फडफडीत आहे, सौंदाळे आहेत, ज्यांना हवेत त्यांनी टोप काढून ठेवा. त्या दिवशी तोंडातून ओघात निघून गेलं, "आज मांदेली आहे, सुरमई थोडीच आहे, आणि आमचा मितेश सकाळच्या गाडीने एकटा येतोय, जरा लक्ष असू द्या." एवढंच. यात काय चुकलं सांगा.

काय काय झालं ते बाईंनीच मला ऐकवलं. मितेश गाडीत चढायच्या आधीच कंडक्टर सुजयने त्याला उचलल्यासारखं आत घेतलं, स्वतःच्या सीटवर बसवलं आणि तिकीट फाडून त्याच्या खिशात घातलं. कार्ड दाखवायला पोराने हात वर केला, तर सुजय म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे, तुला कोण ओळखत नाय!" पावसला तीन बायका चढल्या, तिघींनी मिळून त्याला केळी, लाडू आणि पाणी दिलं. गोळपला एक निवृत्त मास्तर नुसते खिडकीतून डोकावले, "आहे, आहे, बसलाय," असं फोनवर कोणाला तरी सांगून खाली उतरले. (मलाच सांगितलं. तेही बाईंना कळलं.) भाट्याच्या पुलावर कोणीतरी त्याला समुद्र दाखवला, जसा काय पूर्णगडच्या पोराने समुद्र पाहिलेला नाय! आणि रत्नागिरीच्या स्टँडवर एक रिक्षावाला हात जोडून उभा, "बकुळाताईंचा मितेश ना? चला, दारात सोडतो." दाराशी पोचला तेव्हा पोराच्या दोन्ही हातांत पिशव्या, आणि एकीत सोलकढीची बाटली.

मला वाटलं, काय छान झालं! माणसं किती चांगली!

राजश्री बाई संध्याकाळी आल्या आणि ओटीवर बसल्या. चहाला हात लावला नाय.

"बकुळाताई, मितेशचा पेपर तुम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलात. त्याला एक अक्षर लिहू दिलं नाहीत. आता मी त्याला मार्क कशाचे देऊ?"

"अहो बाई, पोचला ना पोरगा?"

"पार्सल पण पोचतं."

मला असा राग आला की विचारू नका. म्हटलं, "म्हणजे माझा मितेश नापास?"

"मितेश नाही. तुम्ही. तुम्ही नापास झालात, बकुळाताई." आणि मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "दीपाली मॅडम आंब्याच्या सीझनला थांबणार नाहीत. अजून एक मुलगा रांगेत आहे. येत्या सोमवारी मितेश खरंच एकटा आला तर जागा त्याची. मी पण गाडीत नसेन. तुमच्यापैकी कोणी मध्ये आलं, तर मीच त्यांना सांगेन की दुसऱ्याला घ्या. आणि माझं ऐका, तोपर्यंत तुम्हाला घरचा अभ्यास. हाताची घडी, तोंडावर बोट. त्याचा डबा त्याला भरू दे, त्याच्या शर्टाची बटणं त्याला लावू दे. वर-खाली लागली तरी तोंडावर बोट."

शिरा पडली त्या अभ्यासावर! तुम्ही कधी बघितलंय का एखाद्याला चुकीच्या काजात बटण घालताना, आणि आपण गप्प? हातांना मुंग्या येतात. पहिल्या दिवशी डब्यात त्याने भाताच्या खाली पापड ठेवला. मी तोंडावर बोट ठेवून मोरीकडे गेले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पापड मऊ झाला. वर ठेवायला हवा," आणि वर ठेवला. आता मी सांगितलं असतं तर दहा वेळा सांगावं लागलं असतं, हे मला पण कळतं. मी अडाणी नाय. पण कळणं वेगळं आणि काळजाला समजावणं वेगळं.

ग्रुपवर मी सगळ्यांना दम भरला. "सोमवारी मितेशला कोणी केळं दिलं, तर वर्षभर माझ्याकडून बोंबील मिळणार नाय." सुजयला तर बंदरावरच पकडलं. सगळे घाबरले. म्हणजे गाडीत त्याच्याकडे बघणारं आता कोणीच नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं रविवारी संध्याकाळी.

शेजारच्या मथुराला सांगितलं. मथुरा म्हणजे उलट्या डोक्याची. ती म्हणाली, "मग तूच जा."

"अगो, मला बघितलं तर संपलंच सगळं."

"तुला कुठे, बकुळाला बघितलं तर. दुसरी कोणी बाई गाडीत असेल तर असेल."

तिच्या मुलीचा, वेदिकाचा पंजाबी ड्रेस काढला. जन्मात मी लुगडं आणि पातळ सोडून काही नेसले नव्हते. ड्रेस अंगात गेला, पण श्वास बाहेर येईना. चपला पण वेदिकाच्या, उंच टाचेच्या. वासाचं काय, म्हणून साबण लावून तीन आंघोळी केल्या. स्कूटीवाल्या मुली बांधतात तशी ओढणी तोंडाभोवती बांधली. फक्त डोळे उघडे राहिले. मथुरा म्हणाली, "डोळे तुझेच दिसतात. भांडायला निघाल्यासारखे." सकाळी निघताना घाईत समोर खिळ्याला दिसला तो गॉगल मी डोळ्यांवर चढवला. गॉगल सगळे सारखेच असतात, कोण बघतंय!

मितेश त्याआधीच डबा, पाण्याची बाटली, कार्ड घेऊन निघाला होता. जाताना खिळ्याकडे हात नेला, पण मीच घाई केली, "जा बाबा, गाडी चुकेल." तो म्हणाला, "आत्या, तू घरीच ना?" मी म्हटलं, "घरीच. कुठे जाणार मी?" देव मला क्षमा करो. त्याची पाठ वळली, मी भराभर ते सोंग अंगावर चढवलं आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून उड्या मारत मधल्या वाटेने स्टॉप गाठला. त्या टाचांवर! आमच्या पाखाड्यांवरून बकऱ्या पण जपून उतरतात.

गाडीत मी मागे बसले. मितेश पुढे, खिडकीजवळ. सुजय आला तसा त्याने कार्ड काढलं, म्हणाला, "रत्नागिरी. एक." सुजयने मान ताठ ठेवून तिकीट दिलं. एका शब्दाने बोलला नाय, घाबरला होता माझ्या बोंबलांना. मग माझ्याकडे आला. मी बारीक आवाज काढून म्हटलं, "रत्नागिरी." मासळी विकून विकून माझा आवाज पार बोटीच्या भोंग्यासारखा झालेला, त्यातून ते असलं काही चिरकं निघालं की सुजय दोनदा वळून बघत गेला. मितेशनेही वळून बघितलं. जरा वेळ बघत राहिला. मग पुन्हा खिडकीबाहेर.

पावस गेलं. बायका चढल्या, मितेशकडे चोरून बघून घेतलं आणि केळी पिशवीत परत ढकलली. मला हसू आवरेना. गोळप गेलं. वाटलं, झालं की, आता काय राहिलं?

आणि भाट्याच्या अलीकडच्या उतारावर गाडी थांबली.

पुढे आंब्याचा टेम्पो आडवा झालेला. माणसं सुखरूप होती, पण पेट्या फुटून रस्ताभर हापूस. दोन्ही बाजूला गाड्यांची रांग. सुजय खाली जाऊन आला आणि ओरडला, "चला, सगळे उतरा! पलीकडे रत्नागिरीहून आलेली गाडी उभी आहे, ती इथूनच माघारी फिरणार. चालत जाऊन त्यात बसा. तिकीट हेच चालेल!" म्हणजे त्या गाडीतली माणसं आमच्यात आणि आमची त्यांच्यात. एकच गडबड उडाली.

हे बाईंनी शिकवलेलंच नव्हतं! बाईंनी शिकवलं होतं, पूर्णगडला चढायचं आणि रत्नागिरीला उतरायचं. मध्ये गाडी बदलायची असते हे त्या पोराच्या डोक्यात कुठून येणार? लोक भराभर उतरले. मितेश दारात उभा राहिला, पिशवी छातीशी घट्ट धरून. मी अर्धी उठले. म्हटलं जाऊ दे ती परीक्षा, चुलीत गेली नोकरी, पोराला हाताला धरते आणि घरी नेते.

एवढ्यात तो सुजयला म्हणाला, "कंडक्टर काका, मला परत सांगा."

"अरे, पलीकडे गाडी उभी आहे ना, त्यात—"

"सावकाश सांगा."

सुजयने श्वास घेतला आणि सावकाश सांगितलं. मितेशने ऐकलं. मग स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवलं, "चालत जायचं. पलीकडे गाडी. तिकीट हेच." सुजय म्हणाला, "बरोब्बर." आणि पोरगा उतरला.

मी मागोमाग उतरले. टाचा, उतार, आणि रस्ताभर हापूस. दोन पावलं टाकली नाय तोच टाच एका आंब्यावर पडली, चप्पल तुटली आणि मी सपशेल रस्त्यात बसले. तोंडातून निघालं, "अगो बाय!" माझ्या खऱ्या आवाजात. बंदरावर ऐकू जाईल असं.

मितेश थांबला. वळला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी गॉगल सरळ केला. संपलं, म्हटलं. आता हा "आत्या" म्हणणार आणि सगळं फुकट जाणार.

"लागलं काय, बाई?" तो म्हणाला.

मी मान हलवली, नाय.

"अनोळखी माणसाचा हात धरायचा नाय," तो म्हणाला. विचार केला. मग खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा माझ्यापुढे धरला. "याला धरा."

धरला. काय करणार? एका पायात चप्पल, एक पाय उघडा, तोंड बांधलेलं, आणि ज्याला मी रस्ता ओलांडताना आजवर कडेवरून खाली सोडलं नाय, त्याच्या पिशवीचा पट्टा धरून मी चालले. तो सावकाश चालत होता. पुढे आंबा आला की सांगायचा, "आंबा आहे. बाजूने." माझे डोळे भरून आले आणि गॉगलमुळे मला आणखीच काही दिसेना.

"माझी आत्या असती ना," तो चालता चालता म्हणाला, "तर तिने मला उचलूनच नेलं असतं. मी मोठा आहे तरी."

मी चिरक्या आवाजात विचारलं, "कुठे आहे तुझी आत्या?"

"घरी. तिची पण परीक्षा आहे आज. मागच्या वेळी नापास झाली. रडली."

"रडली-बिडली काही नाय!" हे माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"रडली," तो शांतपणे म्हणाला. "मोरीत जाऊन. नळ सोडून. मला ऐकू आलं." मग जरा थांबून, "आज ती नापास झाली तर मला ओटीवर बसायला लागेल. धाकूदादासारखं. म्हणून ती घरीच बसलेय. आंबा आहे, बाजूने."

अठरा वर्षं मी या पोराला वाढवलं, भरवलं, याच्यासाठी जगाशी भांडले. आणि मी करते ते सगळं त्याच्या भल्यासाठी करते, असं मला वाटायचं. इतकी शरम मला नवऱ्याचं घर सोडतानाही वाटली नव्हती.

पलीकडच्या गाडीची त्याने आधी पाटी वाचली. एकेक अक्षर लावून, सावकाश. मागचे लोक वैतागले. एक जण म्हणाला, "अरे चढ ना बाबा!" मितेश म्हणाला, "वाचतोय." वाचून झालं आणि चढला. मला सीट दाखवली, "तुम्ही इथे बसा," आणि स्वतः चार सीट पुढे जाऊन बसला. अनोळखी माणसाशी जास्त बोलायचं नाय. थोडं बोलून झालं होतं.

रत्नागिरी स्टँडवर उतरल्यावर मी आपली त्याच्या मागे दोन पावलं गेलेच. सवय जाते कुठे! तो वळला.

"बाई, पूर्णगडची गाडी तिथे लागते. त्या बाकावर बसा. मला आता उशीर होईल."

मी म्हटलंच नव्हतं की मला पूर्णगडला जायचंय. पण तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाय. मी बाकावर बसले.

तो स्टँडच्या तोंडाशी गेला. समोर रस्ता. रिक्षा, मोटारसायकली, टेम्पो. तो कडेला उभा राहिला. एक गाडी गेली, दुसरी गेली, रस्ता मोकळा झाला तरी उभाच. माझा जीव नुसता वर-खाली. आता जा, जा रे, आता मोकळा आहे! दोन्ही हात मी मांडीखाली दाबून धरले आणि त्यांच्यावर बसून राहिले. शेजारची बाई मला म्हणाली, "बरं नाय काय वाटत?" मी म्हटलं, "परीक्षा आहे." मितेशने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे. आणि गेला. पलीकडे पोचला आणि गर्दीत दिसेनासा झाला. पूर्णगडची गाडी लागेपर्यंत मी त्या बाकावर बसून राहिले. उठले नाय. हे बाईंना कोणी सांगायला हवं होतं, पण सांगणार कोण?

घरी आले, मथुराला तिची तुटकी चप्पल दिली, गॉगल खिळ्याला लावला, पातळ नेसले आणि बांगड्याचं कालवण टाकलं. काही झालंच नाय असं तोंड करून बसले. संध्याकाळी मितेश आला. एकटा. गळ्यात दीपाली मॅडमनी दिलेला पट्टा, त्यावर त्याचं नाव आणि फोटो. दारातच म्हणाला, "आत्या, मी कामावरून आलो." मी त्याला पोटाशी धरलं आणि रडले. या वेळी मोरीत न जाता.

तेवढ्यात बाईंचा फोन आला. मी स्पीकर चालू केला.

"बकुळाताई, अभिनंदन! पास झालात तुम्ही! मितेशला विचारते हं एकदा. मितेश, गाडीत ओळखीचं कोणी होतं का?"

माझ्या हातात कालवणाचा डाव तसाच राहिला. आमचा मितेश खोटं बोलत नाय. शाळेत कोणी काच फोडली तर हा विचारायच्या आधीच नाव सांगून मोकळा होणार.

त्याने माझ्याकडे बघितलं. जरा वेळ बघत राहिला. गाडीत बघितलं होतं, अगदी तसं.

"नाय," तो म्हणाला. "एक अनोळखी बाई होती. पडली. मी तिला पलीकडे नेली."

"शाब्बास रे! हात नाही ना धरलास?"

"नाय. पट्टा दिला."

फोन ठेवला. तो ओटीवर गेला, खिळ्यावरचा गॉगल काढला आणि उजेडात धरून बघितला. एका काडीला माशाचं खवलं चिकटलेलं होतं. तीन आंघोळी करून काय उपयोग झाला! त्याने ते नखाने खरवडून काढलं, शर्टाच्या टोकाने काच पुसली आणि गॉगल डोळ्यांवर चढवला.

"आत्या, उद्या पण ऊन आहे. गॉगल मी नेणार," तो म्हणाला. "तू ओटीवर बस."

मी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.